एका पत्त्याचे अनेक वाटेकरी

शाळेच्या संगणक-कक्षात दहा-बारा संगणक असतात, पण इंटरनेटची जोडणी एकच असते. जोडणी देणारी कंपनी तिच्यासाठी एकच पत्ता देते. घरीही तसेच. दोन मोबाइल, एक लॅपटॉप, एखादा टीव्ही, आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता मात्र एक. तरीही नववीतल्या एका मुलीने मागवलेले ज्वालामुखीचे चित्र तिच्याच पडद्यावर उमटते, शेजारी बसलेल्या मुलाच्या पडद्यावर नाही. पत्ता सर्वांचा एकच असेल, तर आलेले उत्तर कोणाचे हे ठरवते कोण?

भिंतीवर लावलेली छोटी पेटी, म्हणजे राउटर, हे काम करतो. तो ते कसे करतो हे एका तासिकेत समजावून सांगता येईल. पण मुळात हे काम त्याच्याकडे का आले, हा प्रश्न अधिक रंजक आहे. ज्यांनी ही युक्ती कागदावर मांडली त्यांनीच त्याच कागदात लिहून ठेवले होते, की हा उपाय कायमचा म्हणून योग्य नाही आणि कदाचित तात्पुरता म्हणूनही नसेल. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली आहेत.

पत्ते किती पुरतील?

इंटरनेटवर कोणताही मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून जातो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो. हा पत्ता म्हणजे एक संख्या. ती किती मोठी ठेवायची, हा निर्णय १९७०च्या दशकात घ्यावा लागला.

व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची पद्धत मांडली. त्या निबंधात जाळ्याच्या क्रमांकासाठी ८ बिटे राखली होती. म्हणजे साऱ्या जगात फार तर २५६ जाळी. नजीकच्या भविष्यासाठी एवढी पुरावीत असे त्यांचे मत होते. आज याचे हसू येते, पण ते अन्यायाचे आहे. त्या काळी 'जाळे' म्हणजे एखाद्या देशाने किंवा मोठ्या संस्थेने उभारलेली प्रचंड यंत्रणा. घरोघरी एक जाळे असेल, असे कोणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते.

पुढे पत्ता किती लांब असावा यावर बराच वाद झाला. कोणी लांबी बदलता येईल असा पत्ता सुचवला, कोणी १२८ बिटांचा. सर्फ तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत या कामाचे प्रमुख होते. १९७७ साली त्यांनी ३२ बिटांवर शिक्कामोर्तब केले. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी याचे कारण सांगितले आहे: हा एक प्रयोग होता आणि प्रयोगाला एवढे पत्ते पुरेसे होते. अडचण अशी झाली, की प्रयोग कधी संपलाच नाही.

३२ बिटांत किती पत्ते बसतात? २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. साधारण ४२९ कोटी. १९७७ साली जगाची लोकसंख्या ४२० कोटींच्या आसपास होती. म्हणजे माणशी एक पत्ता, एवढाच हिशेब. वाचायला सोपे जावे म्हणून हे ३२ बिट आठ-आठच्या चार गटांत लिहितात आणि मध्ये टिंब देतात. १९२.१६८.१.११ हा असा एक पत्ता. चारही संख्या ० ते २५५ मध्येच का असतात, हे मुलांना विचारून पाहावे. द्विमान पद्धती शिकलेली मुले लगेच सांगतात.

या पद्धतीचे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये 'आरएफसी ७९१' या टिपणात प्रसिद्ध झाले. (इंटरनेटचे नियम सरकारी राजपत्रात नसतात. ते अशा क्रमांक दिलेल्या टिपणांतून येतात. 'मते मागवण्यासाठी' हा त्या नावाचा शब्दशः अर्थ, आणि ही प्रथा १९६९ पासूनची.) १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या मूळ जाळ्याने नवी पद्धत स्वीकारली.

तीनच मापांचे सदरे

पत्ते कमी पडले ते केवळ संख्या लहान होती म्हणून नव्हे. वाटपाची रीत उधळपट्टीची होती. पत्त्यांचे गठ्ठे तीन मापांत मिळत. 'अ' वर्गाच्या गठ्ठ्यात १,६७,७७,२१४ संगणक बसत आणि असे गठ्ठे १२६ होते. 'ब' वर्गात ६५,५३४ संगणक आणि गठ्ठे १६,३८४. 'क' वर्गात फक्त २५४ संगणक, पण गठ्ठे जवळजवळ २१ लाख.

आता समजा, एखाद्या महाविद्यालयात ३०० संगणक आहेत. 'क' अपुरा पडतो. मग मागायचा 'ब'. तो मिळाला, की ६५ हजारांहून जास्त पत्ते कायमचे पडून राहणार. दुकानात लहान मुलाचा, पैलवानाचा आणि हत्तीचा असे तीनच मापांचे सदरे असतील, तर सामान्य गिऱ्हाईक पैलवानाचाच सदरा नेणार. तसेच झाले. 'अ' वर्गाचे गठ्ठे सुरुवातीच्या काही मोठ्या संस्थांना मिळाले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे एमआयटीला, १८ पासून सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले. एका शिक्षणसंस्थेकडे एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते! स्टॅनफर्ड विद्यापीठाकडेही असाच गठ्ठा होता. त्यांनी मात्र २००० साली तो परत केला. हे औदार्य फारसे कोणी लक्षात ठेवलेले नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांची बैठक भरली. फ्रँक सोलेन्स्की, फिल ग्रॉस आणि स्यू हेअर्स यांनी तेथे वाटपाचा वेग मोजून दाखवला. 'ब' वर्गाचे गठ्ठे मार्च १९९४ पर्यंत संपतील, असा त्यांचा अंदाज होता. हातात साडेतीन वर्षे होती.

यावर तीन बाजूंनी काम सुरू झाले. पहिले काम वाटपाच्या सुधारणेचे. तीन मापे मोडीत काढून हवा तेवढा तुकडा कापून देण्याची पद्धत सप्टेंबर १९९३ मध्ये आली. 'ब' वर्गाचे तातडीचे संकट टळले ते मुख्यतः हिच्यामुळे. दुसरे काम मोठ्या पत्त्याची नवी पद्धत तयार करण्याचे. ते अर्थातच सावकाशीचे होते. तिसरे काम म्हणजे आपला विषय.

राउटरची वही

पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांनी जानेवारी १९९३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी: प्रत्येक संगणकाचा पत्ता जगात एकमेव असलाच पाहिजे, हा आग्रह सोडू या. संस्थेच्या आत कोणतेही पत्ते वापरा. तेच पत्ते शेजारच्या संस्थेनेही वापरले तरी चालेल. पाकीट संस्थेच्या वेशीबाहेर पडताना मात्र पत्ता बदलायचा. मे १९९४ मध्ये हीच कल्पना 'आरएफसी १६३१' या टिपणात सविस्तर आली. लेखक होते डेन्मार्कचे केल एगेवांग आणि जपानमध्ये एनटीटी कंपनीत काम करणारे पॉल फ्रान्सिस. हे फ्रान्सिस म्हणजेच आधीचे त्सुचिया. मधल्या काळात त्यांनी आडनाव बदलले होते. या रीतीला 'पत्त्यांचे भाषांतर' म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'नॅट'.

१९९४च्या टिपणातली रीत आजच्यापेक्षा थोडी वेगळी होती. संस्थेत हजार संगणक असले तरी एका वेळी बाहेर बोलणारे थोडेच असतात. म्हणून वेशीवर थोडे खरे पत्ते ठेवायचे, जो बाहेर बोलेल त्याला त्यातला एक द्यायचा, आणि काम संपले की परत घ्यायचा. वाचनालयातली पुस्तके फिरतात तसे. पण एका वेळी एका पत्त्यावर एकच संगणक.

घरातल्या राउटरला ही चैन परवडत नाही, कारण त्याच्याकडे पत्ताच एक असतो. त्यासाठी आणखी एक पायरी घेतली गेली आणि ती खरोखर चतुर आहे. पाकिटावर पत्त्याबरोबर आणखी एक संख्या असते, पोर्ट क्रमांक. पोस्टात एकाच इमारतीत तिकिटांची खिडकी वेगळी, बचत खात्याची वेगळी. तसे एकाच संगणकात चाललेल्या निरनिराळ्या कामांना वेगवेगळे पोर्ट क्रमांक असतात. हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. एका संगणकाला एवढ्या खिडक्या क्वचितच लागतात. मग उरलेल्या खिडक्या इतर संगणकांना का वाटू नयेत?

एक उदाहरण पाहू. शाळेतल्या दोन संगणकांचे आतले पत्ते १९२.१६८.१.११ आणि १९२.१६८.१.१२ आहेत. राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.५ समजू. (हा पत्ता पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखलेला आहे, कोणाच्या घराचा नाही.) दोन्ही संगणक एकाच संकेतस्थळाकडे पाकीट पाठवतात आणि योगायोगाने दोघांनीही ४०००१ ही खिडकी निवडली आहे. पहिले पाकीट राउटरपाशी येते. राउटर 'पाठवणारा' या जागी स्वतःचा पत्ता लिहितो, खिडकी ४०००१ तशीच ठेवतो आणि आपल्या वहीत नोंद करतो. दुसरे पाकीट येते. ४०००१ आता गुंतलेली आहे, म्हणून तो खिडकी ४०००२ लिहितो आणि वहीत दुसरी ओळ वाढवतो: बाहेरची ४०००२ म्हणजे आत १२ क्रमांकाच्या संगणकाची ४०००१.

संकेतस्थळाला दिसते ते एवढेच, की २०३.०.११३.५ या एकाच संगणकाने दोन खिडक्यांतून विचारणा केली आहे. ते दोन उत्तरे पाठवते. ४०००२ वर आलेले उत्तर राउटर वहीत शोधतो, घेणाऱ्याचा पत्ता बदलून १२ क्रमांकाच्या संगणकाकडे ढकलतो. ज्वालामुखीचे चित्र योग्य पडद्यावर येते. बराच वेळ काही हालचाल नसली, की वहीतली ओळ खोडली जाते.

पाकिटावर मजकुराची तपासणी करणारी बेरीजही असते. पत्ता बदलला, की ती चुकते आणि घेणारा पाकीट फेकून देतो. म्हणून राउटरला तीही दुरुस्त करावी लागते. सगळी बेरीज पुन्हा करण्याची गरज नसते. जुने वजा, नवे अधिक, एवढे पुरते. १९९४च्या टिपणात या कामाचा छोटासा प्रोग्रॅमही छापला आहे.

वर्गात याचे नाटक छान होते. चार मुले आतले संगणक, एक राउटर, एक संकेतस्थळ. राउटर झालेल्या मुलाला खरोखरची वही द्यावी. पाच मिनिटांनी वही काढून घेतली आणि उत्तरे येऊ दिली, की तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दहा नंबरचे जाळे

आत 'कोणतेही' पत्ते वापरायचे म्हटले, तरी त्यासाठी काही पत्ते राखून ठेवणे बरे. मार्च १९९४ मध्ये 'आरएफसी १५९७' या टिपणाने तीन गठ्ठे असे खासगी वापरासाठी बाजूला काढले: १० पासून सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. यातला १० हा क्रमांक मूळ अर्पानेटचा. ते जाळे १९९० साली बंद झाले होते, त्यामुळे क्रमांक रिकामा होता. लेखकांच्या डोळ्यांसमोर घरे नव्हतीच. त्यांची उदाहरणे होती विमानतळावरचे आगमन-निर्गमन दाखवणारे फलक आणि दुकानांतली गल्ल्याची यंत्रे. या यंत्रांना जगाशी बोलायचे कारण काय?

काही महिन्यांतच चार अभियंत्यांनी प्रत्युत्तराचे टिपण काढले, 'आरएफसी १६२७'. दहा नंबरचे जाळे घातक आहे असे त्याचे शीर्षकच सांगत होते. पत्ता एकमेव असणे हा इंटरनेटचा पाया आहे आणि तुम्ही तोच काढून घेत आहात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. उद्या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि दोघांच्याही आतल्या संगणकांना तेच क्रमांक निघाले, तर? हा आक्षेप खरा ठरला. कंपन्यांचे विलीनीकरण झाले, की जाळे सांभाळणाऱ्यांना आजही ही डोकेदुखी असते. पण फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारित टिपण 'आरएफसी १९१८' आले, तेव्हा त्याच्या लेखकांत विरोधी टिपणातले एलियट लियर हेही होते. तोवर प्रवाह कोणीकडे चालला आहे हे स्पष्ट झाले होते.

बाजाराने अभियंत्यांची वाट पाहिली नाही. अमेरिकेत जॉन मेज यांची कल्पना आणि ब्रँटली कॉइल यांचा प्रोग्रॅम यांतून १९९४च्या अखेरीस 'पिक्स' नावाची पेटी तयार झाली. हे नाव कार्यालयातल्या टेलिफोन बोर्डाच्या इंग्रजी नावावरून घेतले होते. बँकेत किंवा कारखान्यात बाहेरचा फोन नंबर एक, आत टेबलोटेबली दोन आकडी नंबर, आणि मध्ये बोर्ड. पिक्स हे इंटरनेटचे तसे बोर्ड. १९९५ साली सिस्को कंपनीने ती छोटी कंपनी विकत घेतली. त्याच सुमारास लिनक्स वापरणाऱ्यांनी फुकट प्रोग्रॅममधून हेच साधले. १९९९ साली विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून घेण्याची सोय आली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत घरगुती राउटर दुकानात मिळू लागले.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. स्वस्तातल्या खात्यावर तेव्हा स्वतःच्या संगणकाला पत्ता मिळतच नसे. दूरच्या मोठ्या संगणकावर जाऊन अक्षरे वाचायची, एवढेच. माझ्या पिढीने इंटरनेट पाहिले ते सायबर कॅफेत. एक टेलिफोन लाइन, सहा-सात संगणक, तासाचे पैसे. पाने उघडायला लागणारा वेळ पाहता सहा जण एकाच पत्त्यामागे बसले आहेत हे आम्हाला कळायला हवे होते. पण आम्ही लाइनला दोष देत होतो, आणि तोही बरोबरच होता. घरोघरी राउटर आले ते २००५ नंतर, ब्रॉडबँडबरोबर.

वहीत नाव नसेल तर

या सोयीची किंमत काय पडली? टेलिफोन बोर्डाचे उदाहरण येथे पुन्हा कामी येते. आतून बाहेर फोन लावायला अडचण नाही. बाहेरून फोन आला, तर बोर्डावरचा माणूस विचारू शकतो, 'कोणाशी बोलायचे आहे?' राउटर विचारू शकत नाही. वहीत नोंद नसलेले पाकीट तो टाकून देतो. म्हणजे नॅटमागचा संगणक दुसऱ्याला हाक मारू शकतो, पण त्याला कोणी हाक मारू शकत नाही.

मूळ इंटरनेटमध्ये प्रत्येक संगणक बोलणाराही होता आणि ऐकणाराही. नॅटनंतर दोन जाती झाल्या: खरा पत्ता असलेले दुकानदार आणि पत्ता नसलेली गिऱ्हाइके. प्रयोगशाळेतले उपकरण घरून पाहायचे म्हटले, की आम्हा संशोधकांना मधल्या कोणा कंपनीच्या संगणकाची मदत लागते, ती यामुळेच. दोन मित्र थेट एकमेकांना फोटो पाठवत नाहीत, तिसऱ्याच्या दुकानात ठेवतात, त्यालाही हे एक कारण आहे. एकमेव कारण नव्हे. पण थेट पाठवणे सोपे राहिले असते तर इतिहास काही वेगळा झाला असता, असे मला वाटते.

दुसरी अडचण जुन्या प्रोग्रॅमांची. फायली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचे पहिले टिपण १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिले. कानपूरच्या आयआयटीतून शिकून ते एमआयटीत गेले होते. या पद्धतीत संगणक आपला पत्ता पाकिटाच्या आत, मजकुरातही लिहितो: '१९२,१६८,१,११,१५६,६५'. (शेवटच्या दोन संख्या म्हणजे खिडकी: १५६ गुणिले २५६ अधिक ६५, बरोबर ४०००१.) राउटरने बाहेरचा पत्ता बदलला तरी आत जुनाच राहतो. म्हणजे राउटरने पाकीट फोडून मजकूरही बदलायला हवा. '१९२,१६८,१,११' च्या जागी '२०३,०,११३,५' लिहिले, की मजकूर एका अक्षराने कमी होतो. प्रत्येक अक्षराला तर अनुक्रमांक असतो! मग त्या संभाषणातली पुढची सगळी पाकिटे संपेपर्यंत राउटरने एकाचा फरक लक्षात ठेवून क्रमांक दुरुस्त करत राहायचे. आणि मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक असेल, तर हेही शक्य नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मग पळवाटा शोधल्या. दोघेही नॅटमागे असतील, तर दोघांनी आधी एका तिसऱ्या, खरा पत्ता असलेल्या संगणकाशी बोलायचे. तो दोघांना एकमेकांची बाहेरची खिडकी सांगतो. मग दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाकिटे पाठवायची. प्रत्येकाच्या राउटरला वाटते, आपल्याच माणसाने आधी हाक मारली आहे, हे त्याचे उत्तर. वहीत नोंद असतेच. पाकीट आत जाते. या युक्तीला भोक पाडणे म्हणतात. २००३ साली सुरू झालेल्या स्काइपने अशा युक्त्यांवरच लोकांना थेट बोलते केले, आणि जेथे भोक पडत नसे तेथे खरा पत्ता असलेल्या इतर ग्राहकांच्या संगणकांवरून आवाज वळवला.

भोक पडत का नसे? कारण प्रत्येक कंपनीचा राउटर वही आपल्या पद्धतीने ठेवत असे. एक नोंद दोन मिनिटे ठेवी, दुसरा तीस सेकंदांत खोडी. एक तीच खिडकी पुन्हा देई, दुसरा दर वेळी नवी. आणि याला नियम नव्हता, तो नॅटला 'तात्पुरते' म्हटल्यामुळे. जे जाणारच आहे, त्याचे प्रमाणीकरण कशाला करायचे? केले तर त्याला मान्यता दिल्यासारखे होईल, असा अभियंत्यांच्या संस्थेत अनेकांचा सूर होता. राउटरने वही कशी ठेवावी याचा पहिला मोठा नियम 'आरएफसी ४७८७' जानेवारी २००७ मध्ये आला. तेरा वर्षांनी! तोवर अगणित पेट्या घराघरांत बसल्या होत्या. मला या इतिहासातला सर्वांत महाग पडलेला निर्णय हा वाटतो. नॅट वापरणे भागच होते. त्याच्याकडे बघायचे नाही असे ठरवणे भाग नव्हते.

नॅटची एक बाजू अनपेक्षितपणे उपकारक ठरली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटला थेट जोडलेल्या विंडोज संगणकांत परस्पर शिरत होता. राउटरमागचे संगणक बाहेरून येणाऱ्या त्या हल्ल्यातून वाचले, कारण न बोलावलेले पाकीट आत येतच नव्हते. मात्र ही राखण नव्हे, वहीतल्या उणिवेचा लाभ आहे. आतूनच कोणी घातक संलग्न फाईल उघडली, तर राउटर काही करू शकत नाही.

पत्ता म्हणजे माणूस?

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना देण्यात आले. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला संपला. पत्त्यांचा बाजार सुरू झाला. २०११ मध्येच दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. एमआयटीनेही २०१७ मध्ये आपल्याकडचे निम्मे पत्ते विकायला काढले.

नव्याने येणाऱ्या कोट्यवधी मोबाइलधारकांना मग पत्ते कुठून द्यायचे? कंपन्यांनी घरातली युक्ती गावाला लावली. शेकडो ग्राहक मिळून एक पत्ता. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा वेगळा गठ्ठा राखला गेला. अशा ठिकाणी तुमचे पाकीट दोनदा भाषांतरित होते, एकदा घरात आणि एकदा कंपनीत.

येथे प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. संकेतस्थळे एखाद्या त्रासदायक माणसाला अडवतात ती पत्त्यावरून. २००६च्या अखेरीस विकिपीडियाने असा एक पत्ता अडवला आणि जवळजवळ सारा कतार देश लिहिण्यापासून वंचित झाला, कारण तेथील वाहतूक एकाच मध्यस्थ संगणकाच्या पत्त्यावरून येत होती. चूक काही तासांत सुधारली. शाळेतल्या चाळीस मुलांनी एकाच वेळी एकाच संकेतस्थळावर खाती उघडायला घेतली, की ते स्थळ 'संशयास्पद हालचाल' म्हणून दार लावून घेते, तो याच गोष्टीचा छोटा अवतार.

पोलीस तपासात हे अधिक गंभीर होते. २००७ साली पुणे पोलिसांनी इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराबद्दल बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सेवा देणाऱ्या कंपनीने त्या पत्त्यावरून काढून दिलेला ग्राहकच चुकीचा निघाला; दरम्यान त्याचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले. या चुकीचे मूळ नॅटमध्ये होते असे मी म्हणत नाही. पत्ता म्हणजे माणूस असे धरून चालले, की काय होते ते यातून दिसते. शेकडो जणांचा पत्ता एक असेल, तर ते गृहीतच निराधार होते. पत्ता, खिडकी क्रमांक आणि सेकंदापर्यंत नेमकी वेळ, अशी तिन्ही माहिती असेल आणि कंपनीने तेव्हाची वही जपलेली असेल, तरच एक ग्राहक सापडतो. युरोपोल या युरोपीय पोलीस संघटनेने २०१७ मध्ये हीच तक्रार जाहीरपणे मांडली.

दुसरे काम कुठवर आले?

मोठ्या पत्त्याची नवी पद्धत, आयपीव्ही६, डिसेंबर १९९५ मध्ये टिपणबद्ध झाली. तिचा पत्ता १२८ बिटांचा. १९७७ साली नाकारलेली लांबी शेवटी स्वीकारली गेली. एक गंमत अशी, की ज्या प्रस्तावांच्या संगमातून ही पद्धत घडली त्यांतला एक, 'पिप' नावाचा, पॉल फ्रान्सिस यांचाच होता. तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय, दोन्हीकडे तोच माणूस! पण तात्पुरता उपाय एका पेटीत एका दिवसात बसवता येत होता. कायमच्या उपायाला सगळ्यांनी मिळून बदलायला हवे होते, आणि पहिल्यांदा बदलणाऱ्याला लगेच काही मिळत नव्हते.

तरी बदल होतो आहे. भारतात २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती नवे पत्ते घेऊनच, आणि आज आयपीव्ही६ वापरण्यात आपला देश जगात आघाडीवर आहे. जगभरात गूगलकडे येणाऱ्या वापरकर्त्यांपैकी जवळजवळ निम्मे आता या पद्धतीने येतात. मात्र जुन्याच पत्त्यावर असलेल्या संकेतस्थळांशी नव्या पत्त्याच्या फोनला बोलायचे असते, तेव्हा मध्ये कंपनीचा एक संगणक वही घेऊन बसलेला असतोच.

आपला संगणक या व्यवस्थेत कुठे आहे, हे मुलांना स्वतः पाहता येईल. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या जाळ्याविषयीच्या मांडणीत त्याचा आतला पत्ता दिसतो. बहुतेक वेळा तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होतो. त्यानंतर राउटरच्या स्वतःच्या पानावर जाऊन त्याचा बाहेरचा पत्ता पाहावा, आणि शेवटी 'माझा पत्ता काय' हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा. दुसरा आणि तिसरा पत्ता जुळला, तर भाषांतर एकदाच होते आहे. दुसरा १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढची संख्या ६४ ते १२७ मध्ये असेल, तर शाळेच्या पत्त्याला शाळेबाहेरही वाटेकरी आहेत. मात्र हे आकडे फळ्यावर लिहिताना राउटरचा परवलीचा शब्द फळ्यावर येणार नाही एवढी काळजी घ्यावी.